टाकीतला अटलांटिक : नोंद चौथी

मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं की हिमयुगात अटलांटिकचं खोल अभिसरण बंद पडलं होतं. ते वाक्य मी मागे घेतो. गेले अडीच महिने काचेच्या टाकीत आणि संगणकावरच्या आलेखांत मी त्याच एका वाक्यामागे होतो, आणि हाती लागलेलं चित्र त्याहून कितीतरी सुंदर आहे.

आधी आजची स्थिती थोडक्यात. पृष्ठभागावरून उत्तरेकडे आलेलं खारट पाणी ग्रीनलंडच्या आसपासच्या समुद्रांत थंड होतं, जड होतं आणि बुडतं. मग साधारण दोन ते चार किलोमीटर खोलीवरून ते दक्षिणेला निघतं. त्याच्याही खाली, अगदी तळाशी, अंटार्क्टिकाजवळ बुडलेलं पाणी असतं. २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ पासून हा प्रवाह सतत मोजला जातोय. सरासरी सेकंदाला सुमारे १.७ कोटी घनमीटर पाणी. मला हवं होतं ते २१,००० वर्षांपूर्वीचं चित्र, म्हणजे बर्फाचे थर सर्वात जाड आणि समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली असतानाचं.

टाकी तीच, ६० × ३० × ३० सेंटीमीटर, पाणी २० सेंटीमीटरपर्यंत. मधोमध ॲक्रिलिकचा पडदा. पहिल्या दोन वेळा तो कडेने गळला. शेवटी कडांना सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, तेव्हा कुठे थांबला. मिठाबद्दल एक सूचना : पिशवीतल्या बारीक मिठाने पाणी गढूळ होतं आणि थरांची सीमा दिसत नाही. खडेमीठ विरघळवून दुहेरी कापडातून गाळून घ्या. मी लिटरला ३५ ग्रॅम धरलं. डावी बाजू उत्तर, लाल रंग. उजवी दक्षिण, निळा. पाणी गार करायला गोठवलेल्या बंद बाटल्या सोडल्या. आमच्या डोंबिवलीच्या दमट हवेत काच बाहेरून लगेच धुरकट होते, म्हणून एका हातात फडकं ठेवावंच लागतं.

पहिल्या फेरीत मीठ दोन्हीकडे सारखं ठेवलं. लाल २३ अंशांवर, निळं २७ वर. पडदा उचलला आणि लाल पाणी जाड जिभेसारखं निळ्याखाली सरकलं. दुसऱ्या फेरीतही फरक चारच अंशांचा, पण थंड टोकाला : लाल ६ वर, निळं २ वर. आता निळं खाली गेलं खरं, पण इतकं रेंगाळत की सीमा धड ठरेना. कारण समजून घेण्यासारखं आहे. समुद्राएवढं खारं पाणी २७ वरून २३ अंशांवर आलं तर त्याची घनता घनमीटरमागे साधारण १.२ किलो वाढते. ६ वरून २ वर आलं तर जेमतेम ०.४ किलो. म्हणजे पाणी गोठणबिंदूकडे जाऊ लागलं की तापमानाची पकड सुटत जाते आणि निर्णय मिठाच्या हाती जातो. हिमयुगात खोल समुद्र जवळपास सगळीकडे गोठणबिंदूच्या आसपास होता. पुस्तकात हे मी कितीदा वाचलं होतं, पण पटलं ते या निळ्या पाण्याचं रेंगाळणं पाहून.

मग तिसरी फेरी. निळ्यात लिटरला फक्त दोन ग्रॅम मीठ जास्त टाकलं. पडदा उचलताच निळं पाणी थेट तळाला गेलं आणि सुरी फिरवल्यासारखी सीमा तयार झाली. पाच मिनिटं सगळं स्थिरावू दिलं आणि उत्तरेच्या टोकाला पुन्हा बर्फाची बाटली सोडली. तिच्याजवळचं लाल पाणी गार होऊन बुडालं, निळ्याच्या माथ्याला टेकलं आणि तिथून आडवं पसरत दक्षिणेकडे निघालं. ही माझ्यासाठी पूर्ण कामातली सर्वात मोलाची वीस मिनिटं. बुडणं थांबलं नव्हतं, फक्त पाणी अर्ध्यावरच वळत होतं.

खऱ्या समुद्रातही असंच झालं असावं, याचा एक पुरावा गाळाच्या गाभ्यांतून, म्हणजे समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यांतून येतो. गाळाच्या कणांमध्ये अडकलेल्या जुन्या पाण्यातलं क्लोराइड मोजून जेस ॲडकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की हिमयुगात सर्वात खारं खोल पाणी दक्षिण महासागरात होतं, दर हजारी सुमारे ३७. त्या आकड्याच्या अचूकतेवर पुढे बरीच चर्चा झाली, पण त्याची दिशा मला महत्त्वाची वाटते. अंटार्क्टिकाभोवती समुद्री बर्फ पसरला की गोठताना तो मीठ बाहेर टाकतो, आणि ते खारं पाणी तळाला जातं.

आता आलेख. हा भाग वेळखाऊ होता आणि यात माझ्याकडून दोन चुका झाल्या. त्या लिहून ठेवतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. तळावर राहणाऱ्या फोरॅमच्या (सूक्ष्म, एकपेशी जीवांच्या) कवचात कार्बन-१३ चं, म्हणजे कार्बनच्या एका जड प्रकाराचं प्रमाण नोंदलं जातं. ते एका ठरावीक मानकाहून दर हजारी किती जास्त-कमी, असं लिहितात. पृष्ठभागावरून नुकतंच बुडालेलं पाणी असेल तर ते जास्त येतं. खोलवर बराच काळ राहून कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थाचा कार्बन घेतलेलं पाणी असेल तर कमी. मी खुल्या संग्रहांतला डेटा उतरवून खोलीनुसार मांडला, तर ठिपके सगळीकडे विखुरले. चूक पहिली : मी सिबिसिडॉइडिस आणि युव्हिजेरिना हे फोरॅमचे दोन प्रकार एकत्र केले होते. पहिला गाळाच्या वर राहतो, दुसरा गाळाच्या आत, त्यामुळे त्याचं मूल्य मुळातच खूप खाली येतं. युव्हिजेरिना पूर्ण वगळला. चूक दुसरी : हिमयुगात जंगलं आणि माती आकसल्याने जमिनीवरचा कार्बन समुद्रात आला, आणि सगळ्या महासागराचं सरासरी मूल्यच दर हजारी ०.३ ते ०.४ ने घसरलं. ते वजा केल्याशिवाय तुलना करता येत नाही.

दोन्ही दुरुस्त्या केल्यावर आलेख बोलू लागला. आज उत्तर अटलांटिकमध्ये दीड ते चार किलोमीटरपर्यंत मूल्य जवळपास सारखं, साधारण +१. हिमयुगात साधारण दोन किलोमीटरच्या वर ते आजच्याहूनही जास्त, +१.५ च्या आसपास, आणि त्याखाली झपाट्याने घसरत शून्याकडे. टाकीतली लाल-निळी सीमाच, फक्त अटलांटिकएवढी. त्या खालच्या, वरच्या थरांत फारसं न मिसळणाऱ्या पाण्यात कार्बन साठून राहिला. हवेतला कार्बन डायऑक्साइड हिमयुगात दशलक्षात १९० च्या आसपास आणि उष्ण काळात २८० होता, त्या फरकाचा मोठा वाटा इथे असावा, असं मानलं जातं.

मग प्रवाह कधी थांबला की नाही? इथे चौथी फेरी. तिसऱ्या फेरीसारखीच मांडणी, पण उत्तरेला बाटलीजवळ वरून हलक्या हाताने दोन लिटर गोडं पाणी सोडलं. ते वर तरंगत राहिलं, गारठलं, पण बुडालं नाही. आडवी चाललेली लाल जीभ पाच-सहा मिनिटांत विरली.

समुद्रात हे घडल्याच्या खुणा हार्टमुट हाइनरिख यांनी १९८८ मध्ये मांडल्या : उत्तर अटलांटिकच्या गाळात हिमनगांनी आणून टाकलेल्या खडीचे थर. त्यांतला सर्वात अलीकडचा काळ साधारण १७,५०० वर्षांपूर्वी सुरू होतो. बर्म्युडाजवळच्या, साडेचार किलोमीटर खोलीवरच्या गाभ्यात त्याच काळात प्रोटॅक्टिनियम आणि थोरियम यांचं गुणोत्तर ०.०९३ पर्यंत चढतं. पाण्यातल्या युरेनियमपासून ही दोन्ही मूलद्रव्यं याच प्रमाणात तयार होतात. थोरियम लगेच गाळात बसतं. प्रोटॅक्टिनियम जास्त काळ पाण्यात राहतं, त्यामुळे प्रवाह चालू असेल तर दक्षिणेकडे वाहून जातं आणि मागे ०.०५५ च्या आसपास गुणोत्तर उरतं. ०.०९३ म्हणजे वाहून नेणारं जवळजवळ कोणी नव्हतं. सिलिकाची कवचं असलेले डायटम (सूक्ष्म शैवाल) वाढले तरी हे गुणोत्तर चढतं, म्हणून एकट्या या मोजमापावर सगळा भार टाकू नये. पण पाहा, हिमयुगाच्या ऐन भरात याच गाभ्यातलं मूल्य आजच्याहून थोडंच जास्त आहे. कडाक्याच्या थंडीत प्रवाह उथळ होऊन चालू होता. तो कोलमडला बर्फ सुटायला लागल्यावर. माझं मागचं वाक्य चुकलं ते इथे : मी दोन वेगळे काळ एकच समजलो होतो.

पुढचं काम आपल्या समुद्राचं. कराचीजवळच्या अरबी समुद्राच्या गाळात ग्रीनलंडच्या उष्ण काळांच्या वेळी काळे, पातळ थर न विस्कटता टिकलेत. थंड काळांत मात्र तळाशी प्राणवायू पोचल्याने किडे-कृमींनी गाळ उकरून एकजीव केलाय. तिकडे प्रवाह मंदावला की इकडे मान्सून दुबळा होत होता. तो गाभा आणि बर्म्युडाचा गाभा एकाच कालरेषेवर मांडायला घेतलेत. कालमापनाची जुळणी अजून ३०,००० वर्षांपर्यंतच झाली आहे. त्यामागे रेडिओकार्बनच्या दुरुस्त्या लागतील. टाकीसाठी मोठा पडदा आणि दुसरा थर्मामीटर आणलाय.