किंगच्या आईबद्दलच का सांगते?

नागपूरहून आमच्याकडे अटलांटाला कोणीही आलं की मी त्यांना ऑबर्न अव्हेन्यूवर नेतेच. मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा यांची समाधी बघायची आणि मग शेजारचं जुनं एबेनेझर चर्च. तिथे मी किंगच्या भाषणांपेक्षा त्यांच्या आईबद्दलच जास्त बोलते, आणि मावशीपासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी मला विचारलंय, "अगं, पण आईचं काय एवढं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

अल्बर्टा किंग त्यांचं नाव. या चर्चचे पास्टर, म्हणजे धर्मगुरू, आधी त्यांचे वडील, मग नवरा, मग नवऱ्याच्या जोडीला मुलगा. त्यांच्याकडे शिक्षिकेचं सर्टिफिकेट होतं, पण तेव्हा अटलांटाच्या शाळा लग्न झालेल्या बाईला ठेवत नसत, मग त्यांनी चर्चचा ऑर्गन आणि कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा चमू, हाती घेतला आणि कितीतरी वर्षं सांभाळला. मुलगा मार्टिन कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्यात उतरला आणि घरादाराला झळ लागली. जानेवारी १९५६ मध्ये मार्टिनच्या माँटगोमेरीच्या घरावर बॉम्ब पडला तेव्हा आत कोरेटा होत्या आणि त्यांची अडीच महिन्यांची मुलगी योलांडा. १९६३ ला बर्मिंगहॅममध्ये धाकट्या मुलाच्या, एडीच्या घरावर बॉम्ब, तेही पास्टरच.

नागपूरकरांना मी जेम्स लॉसनबद्दलही सांगते. हा तरुण मेथडिस्ट मिशनरी १९५३ ते ५६ आपल्या हिस्लॉप कॉलेजात होता, गांधीजींचा मार्ग नीट समजून घेत होता, आणि परत गेल्यावर १९५७ मध्ये किंगची भेट झाली तर ते म्हणाले आत्ताच साउथला, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत, ये, थांबू नकोस. त्याने नॅशव्हिलच्या पोरांना मार खाऊनही हात न उचलायचं ट्रेनिंग दिलं. १९६८ ला मेम्फिसचे सफाई कामगार संपावर गेले तेव्हा किंगना तिथे बोलावणारेही हेच लॉसन.

४ एप्रिलला मेम्फिसच्या लॉरेन मोटेलमध्ये मार्टिनबरोबर एडीसुद्धा होता. दुपारी दोघा भावांनी आईला फोन लावला आणि मार्टिन एडी बनून बोलतोय, एडी मार्टिन बनून, असं बराच वेळ चाललं होतं, आणि त्या माऊलीला किती बरं वाटलं असेल दोन्ही पोरं एकत्र आहेत म्हणून. संध्याकाळी गोळी लागून मार्टिन गेले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये एडी स्वतःच्या घरच्या स्विमिंग पूलमध्ये मृतावस्थेत सापडला.

तरी अल्बर्टा ऑर्गनवर बसतच राहिल्या. ३० जून १९७४, रविवार, त्या प्रार्थना वाजवत असताना एका तरुणाने उठून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यात चर्चचे एक डीकन, म्हणजे चर्चचं काम पाहणारे सेवकही गेले. याच चर्चमध्ये, तुम्ही उभे राहता तिथून चार पावलांवर. मला तिथे बोलताना दरवेळी आवंढा येतो, त्याला इलाज नाही.

मारेकऱ्याला फाशीची शिक्षा झाली होती, पण किंग कुटुंबाचा फाशीलाच विरोध, आणि ज्यांनी मुलगा आणि आई दोन्ही गोळीने गमावली त्यांनीच तो लावून धरला. शेवटी १९९५ मध्ये जन्मठेप झाली. मार्टिनची थोरली बहीण क्रिस्टीन २०२३ पर्यंत होत्या. दोन्ही भाऊ आणि आई गेल्यावरही त्या इथल्या स्पेलमन कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत राहिल्या.