तुम्ही विचारलंत म्हणून: यांतली कोणती राणी व्हायला आवडेल?

पोलंड-हंगेरीच्या जुन्या राण्यांचा विषय मी काढला की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा यादविगा असते. दहा-अकरा वर्षांची असताना 1384 मध्ये पोलंडच्या गादीवर बसलेली, 1997 मध्ये पोपने संत म्हणून जाहीर केलेली.

नको गं बाई! तिची गादीच मुळात सौद्यातली. बाप लायोश, हंगेरी आणि पोलंड दोन्हीकडचा राजा, त्याला मुलगा नव्हता. 1374 मध्ये त्याने पोलिश सरदारांचा जमिनीवरचा कर उतरवला, तेव्हा कुठे त्यांना मुलगी चालेलशी झाली. सोयरीक लहानपणीच ऑस्ट्रियाच्या विल्हेल्मशी ठरलेली. ती मोडून 1386 मध्ये लग्न लावलं लिथुआनियाच्या यागायलोशी. तो वयाने कितीतरी मोठा, बाप्तिस्मा घेऊन तीन दिवस झालेला. 1399 मध्ये मुलगी झाली, तीन आठवड्यांत गेली, आणि चार दिवसांनी आईही. वय जेमतेम पंचविशीचं. दागिने तिने क्राकूवच्या विद्यापीठाला दिले. पुढे थडगं उघडलं तेव्हा आत राजदंड निघाला लाकडाचा.

तिची थोरली बहीण मारिया हंगेरीच्या गादीवर. आईबरोबर बंडखोरांच्या कैदेत पडली, तिथे आईला गळा दाबून मारलं. स्वतः सुटली, आणि 1395 मध्ये गरोदर असताना घोड्यावरून पडून गेली.

माझं उत्तर या दोघींची आजी: एल्झ्बिएता, हंगेरीत गेल्यावर एर्झेबेत. जन्म 1305, पोलंडच्या व्वादिस्वाव राजाची लेक. पंधराव्या वर्षी हंगेरीच्या कारोय राजाला दिली. 1330 च्या एप्रिलमध्ये व्हिशेग्रादला राजघराणं जेवायला बसलं असताना फेलिसियान झाख नावाचा सरदार तलवार उपसून आत घुसला. राजा थोडक्यात वाचला, राणीच्या उजव्या हाताची चार बोटं तुटली. इतिहासकाराने बोटांसाठी हळहळून लिहिलं आहे, दानधर्म करणारा हात तो. पण झाखची मुलगी क्लारा राणीचीच दासी होती, आणि राणीचा भाऊ काझिमिएश याने तिची अब्रू घेतली अशी बोलवा पुढे कायम राहिली. शिक्षा क्लारालाही झाली: नाक, ओठ, बोटं कापून गावोगाव फिरवलं. कुटुंबाचीही कत्तल झाली. हे सगळं राणीच्या बोटांच्या बदल्यात. आजीबाई मला आवडतात म्हणून हे पान मी उलटून पुढे जाऊ शकत नाही.

1342 मध्ये नवरा गेला, आणि मग बाईंनी जे सुरू केलं! लेक लायोश गादीवर, पण दरबारात शब्द त्यांचा. 1343 मध्ये धाकटा मुलगा आंद्राश याच्यासाठी सोनं-चांदी बांधून नेपल्सला गेल्या. त्याला तिथल्या राणीशी दिला होता, पण राज्याभिषेक अडला होता. पैसा ओतला. दोनच वर्षांत तिथे त्याचा खून झाला, म्हणजे सगळं पाण्यात. 1370 मध्ये भाऊ काझिमिएश, तोवर पोलंडचा राजा झालेला, वारला आणि पोलंडही लायोशकडे आलं. त्याला तिथे राहायचा कंटाळा, म्हणून पासष्टीच्या आईला कारभार पाहायला माहेरी पाठवलं. ते काही जमलं नाही: 1376 मध्ये क्राकूवमध्ये दंगल उसळून बरोबर आणलेली हंगेरियन माणसं मोठ्या संख्येने मारली गेली, आणि बाई परत फिरल्या. माहेरच्यांना सासुरवाशीण परकी वाटली, यात नवल काय.

1380 मध्ये पंच्याहत्तरीला गेल्या, स्वतः उभारलेल्या ओबुदाच्या मठात पुरल्या गेल्या. लायोशच्या मुलींपैकी एकीलाही तिशी दिसली नाही.

तेव्हा व्हायचंच झालं तर एर्झेबेत, पण 1342 नंतरची.