वेन्दूचे मामा

शीनिंगमधल्या माझ्या मैत्रिणीच्या भावाचं लग्न होतं, ज्येझला. चीनच्या छिंगहाय प्रांतातल्या शुनह्वा तालुक्यातलं हे सालार लोकांचं मूळ गाव. ऐन थंडीत लग्नं लावायची इथली रीतच आहे. खालून ऊब दिलेल्या ओट्यावर आम्ही दाटीवाटीने बसलो होतो, झाकणाच्या कपांतून खडीसाखर नि सुकी बोरं घातलेला चहा फिरत होता. तेवढ्यात दारात तिबेटी अंगरखा घातलेले एक आजोबा दिसले आणि घरातले झाडून सगळे उठले. "अजू आले, अजू!" त्यांना थेट मानाच्या जागेवर नेऊन बसवलं.

"तुझे मामा का गं?" मी विचारलं.

"माझे एकटीचे नाहीत. ते वेन्दूचे, इथल्याच तिबेट्यांच्या गावचे. तिबेटी म्हणजे आमच्या सगळ्यांचे अजूच."

सालार ही तुर्की कुळातली भाषा. तुर्कस्तानात मामाला 'दायी' म्हणतात. हा 'अजू' मात्र चिनी. 'ज्यू' म्हणजे मामा, आणि त्याच्या आधीचा 'अ' हा चिनीत नात्याच्या शब्दांना लागतो तो. बोलणारे तुर्की वंशाचे मुसलमान, शब्द चिनी आणि मामा तिबेटी बौद्ध! मला तर हे ऐकून भरूनच आलं.

कथा सांगतात ती अशी. समरकंदहून करामान आणि अहमान हे भाऊ पांढऱ्या उंटावर कुराण आणि गावची माती-पाणी घेऊन निघाले. इथलं माती-पाणी त्याच्याशी जुळलं, म्हणून इथेच राहिले. पुढे सोयरीक मागायला ते वेन्दूच्या तिबेट्यांकडे गेले. मुलींनी सासरचा धर्म घेतला, पण माहेरच्यांनी काही अटी घातल्या. त्यातली एक, घराच्या भिंतीच्या चारही कोपऱ्यांवर पांढरे दगड ठेवायचे. तेव्हापासून वेन्दू हे सगळ्यांचं आजोळ. आपणही आईच्या माहेरी गेलो की शेजारच्यांना, दुकानदाराला मामाच म्हणतो की!

इथली म्हणही आहे : लोखंड भट्टीच्या घरचं, माणूस मामाच्या घरचा. ती ऐकली आणि मला बोहल्यापर्यंत हात धरून नेणारा माझा मामा आठवला. शेवटची चार पावलं त्याने किती सावकाश टाकली होती.

निघताना अंगणात आले. भिंतीच्या कोपऱ्यावर नारळाएवढा पांढरा दगड होता. मी पाहतेय हे बघून मैत्रिणीची आजी म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी ठेवलाय तो."