गडग्यावरच्या गेरूच्या खुणा

'सूर्य पश्चिमेला मावळतो' असं कुणी म्हटलं की आमचे भूगोलाचे सर लगेच विचारत, "कोणत्या तारखेला?" दसऱ्यापासून मार्चच्या परीक्षेपर्यंत, कबड्डीचा सराव संपला की ते आम्हाला झेंड्याच्या खांबापाशी उभं करत. सूर्य जिथे समुद्रात टेकलेला दिसे, तिथे समोरच्या चिऱ्याच्या गडग्यावर गेरूची रेघ मारायची. खरी पश्चिम त्यांनी आधीच काठीच्या सावलीने काढली होती. सकाळची आणि दुपारची सारख्या लांबीची सावली घेऊन त्यांची टोकं जोडली की झाली पूर्व-पश्चिम रेषा. नाताळपर्यंत आमच्या रेघा डावीकडे सरकत आणि मग माघारी फिरत.

प्रयोगशाळेतलं होकायंत्रही त्या रेषेशी जुळायचं. आपल्या कोकणात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, म्हणून ते जुळत होतं. हे कारण मला कळलं ते बोटीवर गेल्यावर. केप ऑफ गुड होपला वळसा घालताना हाच फरक २४-२५ अंश पश्चिमेला जातो. हे झालं व्हेरिएशन. त्यावर बोटीच्या स्वतःच्या लोखंडाचं डेव्हिएशन, आणि तेही बोटीची दिशा बदलली की बदलतं. जायरोला, म्हणजे फिरत्या चाकावर चालणाऱ्या कंपासला, चुंबकाशी देणंघेणं नाही, पण वेग आणि अक्षांशामुळे तोही थोडा चुकतो. म्हणून दर वॉचला, म्हणजे चार तासांच्या पाळीला, आकाश मोकळं असेल तर, एकदा तरी कंपासची चूक काढून वहीत लिहायची असते. जीपीएस आल्यावरही हे सुटलेलं नाही. बोट कुठे आहे आणि कुठे सरकतेय हे तो सांगतो, नाक कुठे आहे ते सांगत नाही.

कॅडेट असताना मी चार ते आठच्या वॉचला चीफ ऑफिसरबरोबर असे. अरबी समुद्रातल्या डिसेंबरच्या एका संध्याकाळी त्यांनी मला ब्रिजच्या विंगवर रिपीटरपाशी, म्हणजे जायरोचा आकडा दाखवणाऱ्या तबकडीपाशी, उभं केलं आणि म्हणाले, "अ‍ॅम्प्लिट्यूड घे." म्हणजे मावळता सूर्य खऱ्या पश्चिमेपासून किती अंश बाजूला आहे तो कोन. गणित दहावीच्या त्रिकोणमितीतलं. सूर्याच्या क्रांतीचा, म्हणजे विषुववृत्तापासूनच्या त्याच्या कोनाचा, साइन भागिले अक्षांशाचा कोसाइन, की आला त्या कोनाचा साइन. १७ उत्तर अक्षांशावर २२ डिसेंबरला उत्तर येतं साडेचोवीस अंश, म्हणजे सूर्य २७० ला, खऱ्या पश्चिमेला, न मावळता २४५.५ ला. रिपीटरवर २४६.५ दिसलं. जायरो एक अंश जास्त दाखवत होता. त्याच क्षणी सुकाण्यावरच्या माणसाने चुंबकी कंपासवरचा आकडा मोठ्याने सांगितला, त्यावरून त्याचीही चूक निघाली. मला मात्र गडग्यावरची डावीकडची शेवटची रेघ दिसत होती.

पुढे उत्तर अटलांटिकमध्ये मी चुकलो. सूर्य अर्धा बुडाल्यावर त्याचं बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, घेतलं. हवेच्या वक्रीभवनामुळे सूर्य असतो त्याहून वर दिसतो, त्यामुळे खालची कड क्षितिजापासून अर्ध्या-पाऊण बिंबाएवढी वर असतानाच बेअरिंग घ्यायचं असतं. १७ अंशावर या चुकीने फारसं बिघडत नाही, पण ५० अंशावर सूर्य इतका तिरका उतरतो की जवळजवळ एक अंशाचा फरक पडतो. एक अंश म्हणजे ६० मैलांवर एक मैल. चीफ ऑफिसर रागावले नाहीत. त्यांनी माझी नोंद खोडली, ध्रुवतारा दिसेपर्यंत मला थांबवलं आणि त्याचं बेअरिंग घ्यायला लावलं. तो खऱ्या उत्तरेपासून फारसा हलत नाही.

पुढच्या बंदरातून सरांना पत्र टाकलं. सगळं गणित मांडून विचारलं, डिसेंबरच्या रेघेचा कोन किती भरतो? दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. ते खांबापाशी दोरी बांधून, पाटीएवढा कोनमापक कापून, मोजून आले होते. "२४ भरले. अर्धा अंश गेरूच्या जाडीत गेला असावा. या वर्षीच्या मुलांना बारीक रेघ मारायला सांगतो."