जहाजावरची दुसरी पंगत

सासूबाई आणि सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना धाकट्या दिरांनी जाहीर केले की या वेळी हॉल नाही, केटरर नाही, घरातल्या अकराही माणसांनी मिळून जहाजाने लक्षद्वीपला जायचे. मुंबईहून निघून चार रात्रींनी मुंबईलाच परत यायचे होते. बाकीची मंडळी समुद्र लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आणि अंगावर घालायचे कपडे यांच्या चर्चेत रमली होती. मला मात्र चार दिवस खायचे काय, हा एकच प्रश्न पडला होता.

मला सीलिॲक आहे. बरीच वर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नव्हते, म्हणून मिरजेच्या डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी टीटीजी ही रक्ताची चाचणी करायला लावली आणि नंतर दुर्बिणीतून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला, तेव्हा कारण सापडले. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतले ग्लुटेन पोटात गेले की माझ्या शरीराची प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्यावर उलटते, आतली मखमलीसारखी लव झिजून सपाट होते आणि खाल्लेल्या अन्नातले लोह अंगी लागत नाही. ग्लुटेन आयुष्यभरासाठी बंद करणे, एवढाच यावर उपाय आहे.

सांगलीत राहून हे पथ्य सांभाळणे फारसे कठीण नसावे, असे ऐकणाऱ्याला वाटते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे, कारण जत-आटपाडीकडची शाळू आमच्या घरी वर्षभराची भरलेली असते आणि भाकरी हा आमच्याकडे पथ्याचा नव्हे, रोजचा पदार्थ आहे. अडचण गिरणीत येते. गिरणीत गव्हाच्या मागोमाग माझी ज्वारी पडली की आधीचे पीठ तिच्यात उतरते, आणि ग्लुटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थात आपल्याकडच्या नियमाने किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, म्हणजे किती थोडे ते पाहा. शेवटी आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू घालायचा नाही, असा नियम केला. दुसरी अडचण खपलीची. आमच्या भागात खपली गहू पिकतो आणि तो पचायला हलका म्हणून त्याचे कौतुक असते, त्यामुळे दर कार्यात कोणीतरी मायेने म्हणतेच, “अगं, खपलीची खीर आहे, ही चालेल तुला.” खपली हादेखील गहूच आहे आणि त्यातही ग्लुटेन असते, हे मी निदान पन्नास जणींना तरी समजावले असेल. आपल्या माणसांना नाही म्हणणे हे या पथ्यातले सर्वांत अवघड काम आहे. जहाजावरच्या परक्या आचाऱ्याला सांगणे त्यामानाने सोपे जाईल, असा माझा अंदाज होता.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी मी जहाज कंपनीला पत्र लिहिले. घरी शिजवलेले अन्न जहाजावर आणता येणार नाही, कारखान्यातून बंद होऊन आलेली पाकिटे चालतील आणि पथ्याची नोंद केली आहे, असे उत्तर आले. मग मी राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की यांची पाकिटे भरली आणि एक कार्ड छापून घेतले, ज्यावर हिंदीत आणि इंग्रजीत गहू, मैदा, रवा, शेवया, बार्ली, राय, सोया सॉस अशी न चालणाऱ्या पदार्थांची यादी होती. सोया सॉस बहुधा गहू घालूनच आंबवतात, हे तोपर्यंत आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालो. डब्यातल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत पुरवून पुरवून खाल्ली आणि शेवटची भाकरी दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पिअरवरच्या रांगेत उभ्या उभ्या संपवली.

जहाजावर पाय ठेवताच सगळे बुफेकडे धावले. मीही ताटली घेऊन गेले आणि दहा मिनिटे नुसती बघत उभी राहिले. साधा भात होता, डाळ होती, काकडी-टोमॅटो होते, म्हणजे नावावरून पाहिले तर निम्मे जेवण मला चालण्यासारखे होते. पण एका गृहस्थांनी ज्या चिमट्याने पाव उचलला तोच काकडीच्या भांड्यात परत ठेवला, आणि एका लहान मुलीने पास्त्यातला डाव काढून डाळीत बुडवला. पुतण्याने माझ्यासाठी मोठ्या प्रेमाने तळलेला पापड आणला, तो समोशांच्याच तेलातून निघालेला होता. पदार्थ कोणता आहे यापेक्षा त्यातला डाव कुठून कुठे फिरला आहे हे पाहावे लागते, आणि बुफेत ते पाहणे कोणालाच शक्य नसते. मी रिकामी ताटली ठेवून दिली आणि खोलीत जाऊन दोन लाडू खाल्ले.

सोय झाली ती मोठ्या जेवणघरात. तिथे रात्री दोन पंगती बसत, टेबल ठरलेले असे आणि वाढणारा माणूसही ठरलेला असे. आम्ही दुसरी पंगत घेतली, कारण पहिल्या पंगतीची गर्दी ओसरली की मुख्य वेटरला बोलायला उसंत मिळते. त्याने कार्ड नीट वाचले आणि एक पद्धत सांगितली, जी कोणी जहाजाने जाणार असेल तर मी आवर्जून सांगेन: आज रात्रीच उद्याच्या जेवणाचा मेनू बघायचा, त्यातले काय हवे ते निवडायचे, म्हणजे सूप आणि रश्शांत मैदा पडण्याआधीच आचारी माझा वाटा बाजूला काढून ठेवेल. सकाळच्या नाश्त्याला वेगळ्या तव्यावर तांदळाच्या पिठाची घावने मिळाली. ती कोकणातल्या घावनांइतकी जाळीदार नव्हती, पण गरम होती आणि निर्धास्तपणे खाता येत होती.

सासरे मात्र जेवताना म्हणालेच, “आमच्या वेळी असले आजार नव्हते बुवा.” मी त्यांना डचांचा किस्सा सांगितला. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा या आजाराची मुले सुधारू लागल्याचे विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी पाहिले आणि गव्हावरचा त्यांचा संशय पक्का झाला. त्यावर सासऱ्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “आम्हीसुद्धा लहानपणी चपाती सणालाच बघायचो.” वाद तिथेच मिटला.

त्याच रात्री, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतर, माझे पोट बिघडले. अगत्तीच्या निळ्या पाण्यात उभ्या असलेल्या सगळ्यांच्या छायाचित्रांत मी नाही. मंडळी लहान बोटीने बेटावर गेली तेव्हा मी खोलीत पडून आदल्या दिवशीचा एकेक घास आठवत होते. भात, वेगळी काढलेली भाजी, माझ्यासाठी स्वतंत्र पातेल्यात केलेली तुरीची डाळ. यांत चूक कुठे असेल ते उमगेना.

संध्याकाळी मुख्य वेटर आचाऱ्यालाच घेऊन आला. बिचारा ओशाळला होता. डाळीत काय काय घातले ते तो बोटांवर मोजू लागला: हळद, मीठ, जिरे, मिरची, कोथिंबीर, आणि “आप महाराष्ट्र से हैं ना मॅडम, इसलिए हिंग थोडा ज्यादा डाला.” मी एकदम उठून बसले. त्याला डबी आणायला सांगितले. पिवळ्या रंगाची डबी, कडेला हिंगाची पूड साखळलेली. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत घटक छापलेले होते आणि त्यांत गव्हाचे पीठ होते. अस्सल हिंग इतका उग्र असतो की बाजारात मिळणारा बांधानी हिंग पिठात किंवा डिंकात मुरवूनच करतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते.

मला हे ठाऊक होते, लाज वाटली ती त्याची. आजार कळल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातून हिंग काढून टाकला होता, आणि चार वर्षे तो नजरेसमोरच नसल्यामुळे कार्ड लिहिताना आठवलाही नाही. आचाऱ्याने सांगितलेले सगळे काटेकोर पाळले होते. त्याला सांगायचे राहून गेले ते माझ्याकडून. सासूबाईंनी पर्समधून पेन काढले, चष्मा लावला आणि कार्डाच्या तळाशी ठसठशीत अक्षरांत ‘हींग’ असे लिहून ते आचाऱ्याच्या हातात दिले. शेवटच्या रात्री डाळीला नुसत्या लसणाची फोडणी होती आणि मी दोनदा वाढून घेतली.

परतल्यावर आठवड्याने गावभागातल्या सासूबाईंच्या घरी जेवायला गेलो. फोडणीच्या डब्याशेजारी हिंगाच्या दोन डब्या ठेवलेल्या होत्या. एक नेहमीची, आणि दुसरी तांदळाच्या पिठातला हिंग असलेली, झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर त्याच ठसठशीत अक्षरांत लिहिलेले होते: ‘सूनबाई. दुसरा चमचा घालू नये.’