टायमिंग चेन, भाग दुसरा: चेन बसली, खडखड गेली

मंडळी, मागच्या नोंदीत टॅपेट कव्हर काढून थांबलो होतो. आता चेन, दोन्ही गाइड (चेन ज्यावरून घसरते त्या प्लास्टिकच्या पट्ट्या), टेन्शनर (चेन ताणून धरणारा) आणि क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) पुढचं ऑइल सील नवीन बसलंय, इंजिन चालतंय आणि सकाळची खडखड गेलीय. सगळ्यात जास्त वेळ चेनने खाल्लाच नाही. तो गेला तिच्यापर्यंत पोचण्यात आणि बसवल्यावर ती बरोबर बसलीय हे स्वतःला पटवण्यात.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, वर दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), क्रँकवरून त्यांना फिरवणारी एकच लांब चेन, इनटेक कॅमवर व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा). रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारला की पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड, मग एकदम गप्प. हे टेन्शनरचं जुनं दुखणं. तो इंजिनच्याच तेलाच्या दाबावर चालतो. उभ्या गाडीत त्याच्यातलं तेल उतरून गेलं, की दाब परत येईपर्यंत चेन मोकळी हलते. पुढे चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी-००१६ आला, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचं एकमेकांशी जुळत नाही. पण एवढ्यावरून कव्हर उघडायला धावू नका. हाच कोड अडकलेल्या व्हीव्हीटी सोलेनॉइडने (तिचं तेल सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हने) येतो, बिघडलेल्या सेन्सरनेही येतो. तेलाची पातळी बघितली, सोलेनॉइड साफ केला, सेन्सर तपासले, तरी कोड परत आला. मग पाने काढले.

खोलाखोलीचं फार सांगत नाही. संपखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनला आधार दिला, बाजूचं माउंटिंग सोडलं, बेल्ट आणि पुली काढली. क्रँकचा बोल्ट मात्र खरा पहिलवान. तो सोडवताना पुली धरायचं वेगळं हत्यार लावा. टायमिंग लॉक करायच्या पिना फक्त जागा धरून ठेवायला असतात. त्यांच्यावर ब्रेकर बारचा जोर टाकला तर पीन तरी वाकते, नाहीतर ब्लॉकला तरी इजा होते. आणखी एक: काही इंजिनांत क्रँकच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) चावीच, म्हणजे ते दांड्यावर घसरू न देणारा धातूचा तुकडाच, नसते, तो नुसता बोल्टच्या दाबाने धरलेला असतो. तिथे बोल्ट ढिला झाला की टायमिंग गेलं. माझ्यात चावी आहे, पण तुमच्यात आहे का ते मॅन्युअलमध्ये आधी बघून ठेवा.

आता मजेचा भाग. जुनी आणि नवी चेन शेजारी-शेजारी खिळ्याला टांगली. जुनी ३ मिमी खाली लोंबत होती. बंद चेन टांगली की फरक निम्माच दिसतो, म्हणजे पूर्ण लांबीत ६ मिमी. चेनमध्ये १५० सांधे, दोन सांध्यांत अंतर ८ मिमी, एकूण १२०० मिमी. म्हणजे वाढ अर्धा टक्का. आपण ‘चेन ताणली’ म्हणतो खरं, पण पट्ट्या काही लांबत नाहीत. प्रत्येक सांध्यात पीन आणि बुश घासून जेमतेम ०.०४ मिमी मोकळीक येते आणि तीच दीडशे वेळा जमा होते. तेल वेळेवर बदललं नाही तर त्यातली काजळी या सांध्यांत पॉलिश पेपरचं काम करते.

ही ६ मिमी कॅमला किती पडतात? क्रँक आणि कॅममधली ताणाची बाजू साधारण ४०० मिमी धरा. तिच्या वाट्याला २ मिमी येतात. कॅमच्या स्प्रॉकेटला ३६ दात, म्हणजे घेर २८८ मिमी. २ मिमी म्हणजे कॅमचे अडीच अंश, आणि क्रँक कॅमच्या दुप्पट फिरतो म्हणून क्रँकचे पाच. कॅम तेवढा उशिरा चालत होता. ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) कोड टाकला तो उगीच नाही.

तरी माझ्या मते खडखडीचा मुख्य आरोपी टेन्शनरच. त्याचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आला होता, पुढे घ्यायला खाचच उरली नव्हती. अडकण उचलून अंगठ्याने दाबला तर सावकाश आत बसत गेला. आतला चेक व्हॉल्व्ह दाब धरत नव्हता. गाइडच्या प्लास्टिकवर चेनच्या पट्ट्यांनी दोन समांतर चर पाडले होते, नख अडकेल इतके खोल. नुसती चेन बदलून हे दोन्ही जुने ठेवणं म्हणजे तीच मेहनत पुन्हा करायची तयारी.

जुळवणी करताना पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन अगदी वर असतो त्या जागेला) आणला. चेनच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या खुणांवर बसवल्या. ताणाची बाजू आधी घट्ट घेतली, सगळी ढिलाई टेन्शनरकडे ढकलली, मग टेन्शनरचा दांडा आत दाबून धरणारी पीन ओढली. एक दात चुकला तर क्रँकवर २० अंशांचा फरक पडतो. गाडी तेवढ्यावरही चालू होऊ शकते, म्हणून ‘चालू झाली म्हणजे बरोबर’ हे धरूच नका.

स्पार्क प्लग काढलेले असतानाच क्रँक हाताने, फिरतो त्याच दिशेने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवला. मध्ये काही अडलं तर जोर न करता थांबायचं, कारण या इंजिनात टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटच्या खुणा जागेवर आल्या. रंगीत कड्या आल्या नाहीत, आणि इथेच कित्येकांच्या पोटात गोळा येतो. क्रँकला १८ दात. दोन फेऱ्यांत चेन ३६ कड्या पुढे सरकते. १५० कड्यांची चेन सगळ्या खुणांवर परत एकत्र यायला ५० फेऱ्या लागतात. तेव्हा कड्या शोधत बसू नका, स्प्रॉकेटच्या खुणा बघा.

कव्हरचं जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पातीने खरवडलं. ड्रिलला घासायची चकती लावून कधीही नको. ती भुकटी तेलाच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जाते. नवीन सिलिकॉन साधारण ३ मिमीची सलग रेघ, आणि हेड-ब्लॉक जिथे मिळतात त्या सांध्यावर थोडं जास्त. ढीगभर लावलं तर आत पिळून निघालेला तुकडा संपमधल्या जाळीवर जाऊन बसतो. क्रँकचा बोल्ट नवीनच घातला. तो टॉर्क देऊन वर ठरलेल्या अंशांनी आवळायचा प्रकार आहे, एकदा ताणला की परत वापरायचा नाही. सिलिकॉन पूर्ण सुकल्यावरच तेल भरलं.

पहिल्यांदा चालू करण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून थोडा-थोडा सेल्फ मारला, तेलाचा दिवा विझेपर्यंत. फ्यूज परत लावून चालू केली. नव्या टेन्शनरमध्ये तेल भरेपर्यंत क्षणभर खडखड झाली, मग नुसता इंजेक्टरचा टिकटिक आवाज. कोड पुसला, रात्रभर उभी ठेवून थंड चालू केली तरी परत आला नाही.

बाकी काम: इंजिन गरम असताना कॅमचा कोन स्कॅनरवर लाइव्ह बघायचाय, कव्हरचा खालचा कोपरा पाझरतो का यावर लक्ष ठेवायचंय. हे तेल नेहमीपेक्षा बरंच लवकर काढून फिल्टर कापून बघणार, सिलिकॉन किंवा प्लास्टिकचे कण सापडतात का ते कळेल. जुना टेन्शनर उभा चिरून आतल्या व्हॉल्व्हचे फोटो पुढच्या नोंदीत टाकतो.