खोबरं कधी पेटतं का?

रात्रीचे साडेअकरा. मुंबई विमानतळाच्या टर्मिनल 2 वर थेट अमेरिकेला जाणाऱ्या विमानाचं चेक-इन ऐन भरात होतं. माझ्या काउंटरवर सांगलीचे काका-काकू आले, लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेले. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलो. चारही बॅगांना नायलॉनची दोरी.

तीन बॅगा वजनात बसल्या. चौथी 24.6. काका पाकीट काढायला लागले, तशी काकूंनी त्यांचा हात धरला. "दीड किलोसाठी पैसे कसले भरताय?" फरशीवरच बसकण मारून त्यांनी दोरी सोडली आणि थालीपिठाच्या भाजणीची पिशवी बाहेर ओढली. काटा बरोब्बर 23 वर. आमचं मशिनही इतकं अचूक नसेल!

मग माझे रोजचे प्रश्न. पॉवर बँक? ती काकांच्या खिशात होती, 20,000 एमएएचची. 3.7 व्होल्टच्या हिशेबाने 74 वॉट-आवर, म्हणजे शंभरच्या मर्यादेच्या आत. ती जवळच ठेवायची, चेक-इन बॅगेत अजिबात नाही. लायटर, फटाके? "अगं पोरी, बाळंतपणाला चाललोय आम्ही." ज्वालाग्राही पदार्थ? "छे!" बॅग पट्ट्यावरून आत गेली.

भाजणी काकूंनी खांद्यावरच्या पिशवीत कोंबली. मला पुन्हा बोलणं भाग होतं. पातळ पदार्थांचा 100 मिलीचा नियम आता बहुतेकांना पाठ आहे, पिठा-पुडीचा नाही. 2018 पासून थेट अमेरिकेच्या विमानात 350 मिलीहून जास्त पूड हातातल्या सामानात असली की वेगळी तपासतात, आणि शंका फिटली नाही तर ठेवून घेतात. काकांनी भाच्याला फोन लावला. तो सोडून परत निघालेला, वाशीला पोचला होता. भाजणी माझ्या काउंटरवर तशीच बसून राहिली.

तेवढ्यात खालून फोन. चौथी बॅग एक्स-रेत अडकली होती. मी दोघांना घेऊन तपासणीच्या खोलीत गेले. दोरी पुन्हा सुटली. नऊवारीच्या घडीत, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. चांगल्या दीड किलोच्या. डिंकाच्या लाडवांसाठी.

"हे जाणार नाही, काकू."

"का? खोबरं कधी पेटतं का?"

पेटतं. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं. दाबून भरलं की त्या तेलाची हवेशी क्रिया होऊन आतल्या आत ऊब धरते, आणि ऊब बाहेर जायला वाट नसली की वाढत जाते. म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत खोबऱ्याला स्वतःचा नंबर आहे, 1363, आणि वर्ग 'आपोआप पेट घेणारे पदार्थ'. हे मी सांगितलं खरं, पण सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी विचारलं होतं 'ज्वालाग्राही'. आमच्या यादीत लिहिलंय 'कोप्रा'. सांगलीच्या कुठल्या स्वयंपाकघरात हे दोन शब्द असतात? बाई खोटं बोलली नव्हती, मीच नीट विचारलं नव्हतं.

वाट्या तिथल्या टोपलीत टाकायच्या होत्या. काकूंनी एकेक टाकल्या. शेवटच्या दोन मात्र हातातच राहिल्या. "ह्या लेकीच्या ओटीतल्या आहेत. ह्या कचऱ्यात नाही टाकायची मी."

हातातल्या सामानातूनही चालत नाहीत, हे मला सांगवेना. सांगावं लागलंच नाही. काकूंनी वाट्या टेबलाच्या कडेवर आपटून फोडल्या आणि तुकडे वाटायला घेतले: एक्स-रेवरच्या मुलाला, दोन लोडरना, मला. "घे, तुझ्या घरचंही सगळं नीट होऊ दे." रात्रपाळीत चहाशिवाय पोटात काही नव्हतं. ते खोबरं गोड लागलं.

काका घड्याळ बघत होते. काकू मात्र रिकाम्या टॉवेलकडे बघत होत्या.

"पोरी, दीड किलो कमी झालं ना गं ह्यातनं?"

"हो."

"मग आण ती माझी भाजणी."